नागपुरात नॅस्टर्शियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास "बी कधी टाकू?" असे प्रश्न येऊ लागतात. जानेवारीत "नुसती पानंच का?" सुरू होतं आणि मार्चमध्ये "झाड पिवळं पडलं हो, वाचवा" असे निरोप येतात. तेच प्रश्न एका जागी आणून त्यांची उत्तरं दिली आहेत. बियांच्या पाकिटांवरच्या सूचना बहुतेक थंड देशांतल्या बागांसाठी असतात. त्यातलं वेळापत्रक नागपूरला लागू पडत नाही, म्हणून इथली उत्तरं आपला हिवाळा, आपली काळी माती आणि आपलं ऊन धरून लिहिली आहेत.

१. नॅस्टर्शियम म्हणजे नेमकं कोणतं झाड? नर्सरीत नाव सांगितलं की वेगळंच काहीतरी दाखवतात.

पानावरून ओळखा. पान जवळजवळ पूर्ण गोल असतं. त्याचा देठ कडेला जोडलेला नसतो, पानाच्या खालच्या बाजूला मधोमध असतो आणि तिथूनच शिरा चहूकडे जातात. पानावर पाणी पडलं की कमळाच्या पानासारखा थेंब गोळा होऊन घरंगळतो. फूल पाच पाकळ्यांचं असतं, नारिंगी, पिवळं, शेंदरी, गडद लाल किंवा फिकट मलईच्या रंगाचं. फुलाच्या मागे शेपटीसारखी लांब नळी असते आणि मकरंद त्या नळीत असतो. पान चुरडून वास घ्या. मोहरी किंवा मुळ्याची आठवण करून देणारा झणका आला तर झाड तेच आहे. शास्त्रीय नाव ट्रोपिओलम मेजस. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचं.

२. उटीला हे रस्त्याच्या कडेला वर्षभर फुललेलं पाहिलं. मग आपल्याकडे वर्षभर का नाही राहत?

निलगिरीच्या थंड, ओलसर हवेत ते रानोमाळ पसरलं आहे, कारण ती हवा त्याच्या मूळ डोंगराळ प्रदेशाच्या जवळची आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नॅस्टर्शियमला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री गारवा हवा असतो. इथे तसे दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच मिळतात. म्हणून नागपुरात हे पिटुनिया, पॅन्सी, डायन्थससारखं हिवाळी हंगामी फूल समजायचं. चिखलदऱ्याला कुणाचं घर असेल तर त्यांना आपल्यापेक्षा लांब हंगाम मिळेल.

३. बी नेमकं कधी पेरायचं?

जमिनीत पेरायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून कारण सविस्तर सांगते.

पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो, पण लगेच थंडी येत नाही. मध्ये ऑक्टोबरची उकाड्याची तिरीप असते. दुपारी ३२-३४ अंश आणि जमीन अजून पावसाने जड. अशा गरम, ओल्या मातीत बी फुगतं आणि कुजतं. उगवलंच तर रोप लांबट, पोचट होतं आणि मातीलगत खोड मऊ पडून आडवं होतं. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की पेरायला हरकत नाही. कॅलेंडरपेक्षा ही खूण भरवशाची आहे, कारण कोणत्या वर्षी गारवा लवकर येतो, कोणत्या वर्षी उशिरा.

उलट बाजूने उशीरही महागात पडतो. पेरणीपासून पहिलं फूल यायला साधारण आठ आठवडे लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर जानेवारीच्या सुरुवातीला फूल दिसतं आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहर टिकतो, म्हणजे दोन-अडीच महिने. तेच बी जानेवारीत पेरलं तर फूल येईपर्यंत मार्च उजाडतो आणि ऊन त्याला उभं राहू देत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुसरा हप्ता पेरता येतो, त्यानंतर नको. दोन हप्त्यांत पेरण्याची सवय मला फार उपयोगी वाटते. पहिली तुकडी थकायला लागते तेव्हा दुसरी भरात असते.

४. बी घ्यावं की तयार रोप?

बी. ते वाटाण्याएवढं, सुरकुतलेलं असतं, हाताळायला सोपं असतं आणि लहान मुलांनाही पेरता येतं. महाराजबागेजवळच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूच्या रोपवाटिकांत हिवाळ्यात कधीकधी पन्नीतली रोपं मिळतात. घ्यायचीच असतील तर चार-पाच पानांची, फूल न आलेली घ्या. फुलं लागलेलं मोठं रोप बघायला छान दिसतं, पण पन्नीत त्याचं मूळ वेटोळं झालेलं असतं आणि घरी आल्यावर ते रुसतं. का रुसतं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

पाकिटावरची मुदत जरूर पाहा. बी थंड, कोरड्या जागी तीन-चार वर्षं टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेलं बी मुदतीच्या आधीच मेलेलं असू शकतं.

५. बी भिजवायचं का? कुणी म्हणतं कानशीने घासा, कुणी म्हणतं तसंच टाका.

रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, तेवढं पुरे. घासलं तर उगवण थोडी लवकर होते, पण सराव नसेल तर आतल्या अंकुराला इजा होते. बारा तासांपेक्षा जास्त भिजवू नका.

पेरताना अर्धा इंच खोल टोचा आणि मातीने नीट झाका. याच्या बीला उगवायला अंधार लागतो, उघडं राहिलेलं बी उगवत नाही. एका जागी दोन बिया टाका आणि नंतर अशक्त रोप कात्रीने कापा, उपटू नका, नाहीतर शेजारच्या रोपाचं मूळ हलतं. दोन जागांमध्ये दहा-बारा इंच अंतर. सात ते चौदा दिवसांत कोंब दिसतो. पंधरा दिवस झाले आणि काहीच नाही, तर माती उकरून पाहा. बी कडक असेल तर थांबा. मऊ, पिचपिचीत असेल तर पाणी जास्त झालं. तिथे मुंग्यांची रांग दिसली तर उत्तर मिळालंच.

६. रोप ट्रेमध्ये करून मग जमिनीत हलवलं तर चालेल का? आमची सगळी रोपं मान टाकून बसली.

याचं मूळ सरळ खाली जातं आणि त्याला धक्का सहन होत नाही. म्हणून जिथे फुलवायचं तिथेच पेरणं उत्तम. चिमण्या किंवा खारी कोंब खात असतील आणि रोप आधी करणं भागच असेल, तर कागदी कप किंवा वर्तमानपत्राची सुरळी वापरा. तीन खरी पानं येण्याआधी कपाचा तळ फाडून कपासकट जमिनीत ठेवा. प्लॅस्टिक ट्रेमधून खेचून काढलेली रोपं सावलीत, रोज हलकं पाणी देऊन आठवडाभर ठेवली तर त्यातली काही सावरतात. पण मान टाकलेल्या रोपाला खत घालू नका, ते नक्की मरतं.

७. आमची माती काळी, चिकट आहे. त्यात येईल का?

येईल, पण तशीच सोडली तर नाही. काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात. नॅस्टर्शियमचं नाजूक मूळ या दोन्हींत सापडतं. ओली असताना गुदमरतं, वाळताना तुटतं.

सोपा उपाय म्हणजे जमिनीच्या वर सहा इंचांचा गादी वाफा करा. विटांची एक ओळ लावून घेतली तरी पुरते. त्यात एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग मुरमाड माती किंवा लाल माती घाला. बांधकामाची कन्हानची रेती उरली असेल तर ती चालते, फक्त सिमेंट मिसळलेली नको. मूठभर जुनं पालापाचोळ्याचं खत मिसळा, त्याहून जास्त नको. मग खड्डा भरून पाणी ओतून पाहा. अर्ध्या तासात जिरलं तर वाफा तयार आहे. तासाभराने पाणी तसंच दिसलं तर आणखी रेती.

बेसा, मनीषनगरकडच्या नव्या लेआउटमध्ये अंगणात मुरूम भरलेला असतो आणि लोक म्हणतात, "इथे काही येत नाही." नॅस्टर्शियम तिथे येतं, आणि सुपीक बागेपेक्षा जास्त फुलतं. वरचे मोठे दगड काढा, चार इंचांवर थोडी माती मिसळा आणि पेरा. ज्या मुरमात गुलाब नखरे करतो तिथे हे झाड खूश असतं, म्हणून नव्या घराच्या पहिल्या हिवाळ्यात मी नेहमी हेच सुचवते.

८. कुंडी केवढी हवी?

बुटक्या जातींना आठ इंचांची कुंडी आणि तिच्यात दोन रोपं. पसरणाऱ्यांना दहा-बारा इंचांची आणि तीन रोपं. खाली भोक उघडं हवं. मातीची कुंडी हिवाळ्यात छान, पण फेब्रुवारीनंतर ती फार लवकर वाळते. प्लॅस्टिकची कुंडी गच्चीवर ठेवणार असाल तर काळा रंग टाळा. टांगत्या कुंड्यांत पसरणाऱ्या जाती सुंदर लोंबतात, मात्र त्यांना वाऱ्यामुळे रोज पाणी तपासावं लागतं.

९. पाकिटांवर इतकी नावं असतात, कोणती जात घेऊ?

वाढीची पद्धत पाहून निवडा, रंग नंतर. तीन प्रकार असतात. बुटकी, झुडपासारखी, फूटभर उंचीची. अर्धवट पसरणारी, दोन-तीन फूट. आणि वेलीसारखी, सहा-आठ फूट जाणारी.

अंगणाच्या कडेला आणि कुंडीत बुटकी घ्या: 'टॉम थम्ब', 'ज्वेल', 'व्हर्लीबर्ड'. 'व्हर्लीबर्ड'च्या फुलांना मागची शेपटी नसते आणि फुलं पानांच्या वर तोंड करून उभी राहतात, त्यामुळे लांबून उठून दिसतात. 'अलास्का'च्या हिरव्या पानांवर पांढरट शिंतोडे असतात, म्हणजे फूल नसतानाही शोभा. 'एम्प्रेस ऑफ इंडिया'ची पानं निळसर गडद आणि फुलं भडक शेंदरी लाल. माझी आवडती हीच, कारण आपल्या हिवाळ्यातल्या झगझगीत उन्हात फिके रंग विरून जातात आणि हा लाल टिकून दिसतो. टांगत्या कुंडीसाठी 'ग्लीम' मालिका.

वेल चढवायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. याला द्राक्षासारखे ताणे नसतात. पानाचा देठच आधाराला वळसा घालतो, आणि तो देठ जाड बांबूला धरू शकत नाही. सुतळी, मच्छीजाळी किंवा बारीक तार द्या आणि सुरुवातीला स्वतः बांधून द्या. फ्रान्समध्ये जिव्हर्नीला चित्रकार क्लोद मोने याच्या बागेत मुख्य वाटेवर दोन्ही बाजूंनी नॅस्टर्शियम जमिनीवरच पसरू दिलेलं असतं. आपल्या घरच्या फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेलाही हीच पद्धत शोभते.

१०. पानं ताटलीएवढी झाली, हिरवीगार आहेत, पण फूल एकही नाही. काय चुकलं?

खत जास्त झालं. दहातल्या आठ प्रश्नांचं उत्तर हेच असतं, आणि विचारणारे बहुतेक वेळा अतिशय मनापासून बाग करणारे लोक असतात. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, वरून पंधरा दिवसांनी पेंडेचं पाणी. गुलाबाला, शेवंतीला हे मानवतं. नॅस्टर्शियम मात्र भरपूर नत्र मिळालं की पानं वाढवत बसतं, फुलांची त्याला गरजच वाटत नाही. माती थोडी उपाशी असली की ते फुलतं.

आता काय करायचं? सगळं खत बंद. जवळच्या गुलाबाला घातलेलं खत पाण्याबरोबर इकडे येत असेल तर मध्ये विटेचा बांध घाला. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवा, वरची दोन इंच माती कोरडी होऊ द्या. आतल्या बाजूची मोठी पानं, एकूण पानांच्या एक चतुर्थांशापर्यंत, देठासकट खुडा. ती वाया जात नाहीत, प्रश्न १६ पाहा. ऊन आत शिरलं की दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसतात.

खत घातलेलंच नसेल, तर ऊन मोजा. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर पानं मोठी, देठ लांब आणि फुलं तुरळक हे ठरलेलं. आणि काही वेळा फुलं असतात, पण मोठ्या पानांखाली लपलेली असतात. पानं बाजूला सारून एकदा बघा.

११. पाणी किती द्यायचं? बोअरचं पाणी चालतं का?

जमिनीत, काळी माती मिसळलेल्या वाफ्यात, डिसेंबर-जानेवारीत सहा-आठ दिवसांतून एकदा भरपूर. मुरमाड जागेत तीन-चार दिवसांनी. कुंडीत एक-दोन दिवसांआड. बोट दोन इंच खुपसून पाहणं हे सगळ्या वेळापत्रकांपेक्षा खरं.

फेब्रुवारीत दुपारी दोन वाजता पानं लोंबलेली दिसतात आणि लोक घाबरून पाणी ओततात. सूर्य उतरल्यावर पुन्हा पाहा. पानं ताठ झाली असतील तर पाणी नको होतं. सकाळीसुद्धा लोंबलेली असतील तेव्हाच पाणी.

बोअरचं पाणी चालतं. कुंडीच्या मातीवर पांढरा थर येऊ लागला तर महिन्यातून एकदा नळाचं पाणी भरपूर ओतून, खालच्या भोकातून वाहू देऊन, क्षार धुवून काढा.

१२. आमच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेकडे आहे. जमेल का?

फुलांसाठी नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन पडतच नाही. पानांसाठी, म्हणजे खाण्यासाठी, लावायचं असेल तर जरूर लावा. दक्षिणेची बाल्कनी हिवाळ्यात सर्वांत चांगली, उन्हाळ्यात जी नकोशी वाटते तीच. पूर्वेची ठीक. पश्चिमेची जानेवारीअखेरपर्यंत उत्तम, पण नंतर तापलेली भिंत त्रास देते, तेव्हा कुंड्या भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या.

१३. कडाक्याची थंडी पडली तर झाकायचं का?

एरवी नाही. नागपूरचा गारठा याला आवडतो. पारा शून्याखाली गेला तरच हे झाड मरतं आणि आपल्याकडे तसं होत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, तेवढं सोसता येतं. शहराबाहेर मोकळ्या शेतात घर असेल आणि पारा चार-पाचवर जाणार असेल, तर त्या रात्री जुनी चादर काठ्यांवर टाका, पानांना टेकू देऊ नका, सकाळी काढा.

१४. देठांवर आणि कळ्यांवर काळे-हिरवे बारीक किडे चिकटलेत.

तो मावा. नॅस्टर्शियमवर तो येणारच, विशेषतः जानेवारीअखेरीस ढगाळ हवेचे चार दिवस गेले की. पहिल्या दिवशी पाहिलात तर पाइपच्या जोरदार धारेने पानाच्या मागच्या बाजूने धुऊन टाका, दोन दिवसांनी पुन्हा. एवढ्यावर पुष्कळदा भागतं. जास्त झाला तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी घासायचा साबण घोटून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर फवारून दुसऱ्या दिवशी पाहा, कारण ही पानं कोवळी असतात आणि दाट मिश्रणाने करपतात. उन्हात फवारू नका.

मुंग्या वर चढताना दिसल्या तर त्यांनाही अडवा. माव्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा. ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

१५. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा आल्या आहेत. आणि एका झाडावर पिठासारखं काही पडलंय.

नागमोडी रेषा नागअळीच्या. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, वरून फवारलेलं तिथे पोचत नाही. तशी पानं खुडून घराबाहेरच्या कचऱ्यात टाका, वाफ्यात टाकू नका. झाड मरत नाही.

पीठ म्हणजे भुरी. दाट लावलेल्या, हवा न खेळणाऱ्या झाडांवर येते. बाधित पानं काढा, गर्दी विरळ करा. पानांखाली बारीक जाळी आणि पान फिकट ठिपक्यांचं झालं असेल तर ते तिसरंच, लाल कोळी. तो उष्णतेबरोबर येतो. मार्चमध्ये आला असेल तर प्रश्न २० वाचा आणि उपचारावर वेळ घालवू नका.

१६. हे खरंच खाता येतं का? कसं खायचं?

फूल, पान, कोवळ्या बिया, सगळं खाता येतं. मोहरी, मुळा, अळीव ज्या गणातले आहेत त्याच गणातलं हे झाड आहे, आणि तिखटपणा देणारं द्रव्यही त्याच जातीचं. ते पानात तयार नसतं. पान चावलं किंवा चिरलं की पेशी फुटतात, आतला विकर कामाला लागतो आणि मग तिखट तयार होतं. म्हणून भाजीसारखं शिजवलं तर चव निघून जाते आणि हाती पालकाहूनही मिळमिळीत काहीतरी उरतं. कच्चंच खा, किंवा गॅस बंद केल्यावर वरून घाला.

आपल्या जिभेला हे फार जवळचं आहे. तर्री पोह्यांवर सांबाराबरोबर, म्हणजे कोथिंबिरीबरोबर, दोन पानं बारीक चिरून टाका. दह्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीत घाला, मीठ आणि चिमूटभर साखर पुरते, मिरची लागत नाही. झुणका-भाकरीबरोबर कांद्याच्या जागी चार अख्खी पानं घ्या. हिरव्या मिरच्या कमी करून पानांचा ठेचा वाटला तर मोहरीसारखा नाकात चढणारा झणका येतो. तो लगेच खायचा, तासाभराने उतरतो.

कोवळी पानं सौम्य, जून पानं जहाल, आणि ऊन-तहान सोसलेल्या झाडाची पानं सर्वांत तिखट. पाकळ्या पानांपेक्षा मऊ चवीच्या, आणि मागच्या नळीत मकरंदाचा गोड थेंब. पण त्या नळीत मुंग्या बसतात, म्हणून फूल धुताना नळी चिमटून उघडून पाहा. फुलं सकाळी तोडा, तोडलेली फुलं ओल्या कपड्यात डब्यात घालून फ्रिजमध्ये दिवसभर चांगली राहतात.

दोन अटी आहेत. ज्या झाडावर रासायनिक औषध मारलं ते खायचं नाही. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपावर काय मारलंय ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे आणताना असलेली पानं-फुलं सोडा, घरी नव्याने आलेलीच खा. रस्त्याला लागून वाफा असेल तर शोभेसाठीच ठेवा.

१७. कोणी खाऊ नये? आणि आमचा कुत्रा पानं चघळतो, धोका आहे का?

जठरात किंवा आतड्यात व्रण असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी टाळावं. लहान बाळांना देऊ नये. गरोदर बायकांनी आणि रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनीही पहिल्यांदा एक-दोन पानंच खाऊन पाहावी. रिकाम्या पोटी मूठभर खाल्लं तर जळजळ होते.

कुत्र्या-मांजरांना हे झाड विषारी नाही. तिखटामुळे ती सहसा स्वतःच सोडून देतात.

१८. बियांचं लोणचं घालतात म्हणे?

हो. फूल गळल्यावर तीन-तीनच्या जुडग्यात हिरव्या बिया लागतात. नखाने सहज कापल्या जातील इतक्या कोवळ्या असतानाच तोडा. मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा, निथळा, मग व्हिनेगरमध्ये मीठ आणि दोन-चार मिरे घालून बरणी भरा. पंधरा दिवसांनी चव लागते. आपल्या पद्धतीने लिंबाचा रस, मोहरीची डाळ आणि हळद घालूनही होतं, ते मात्र फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा. पाकिटातलं पेरायचं बी कधीही खाऊ नका, त्याला औषध लावलेलं असू शकतं.

१९. टोमॅटो-कोबीजवळ लावलं तर कीड लांब राहते, हे खरं का?

त्यावर विसंबू नका. नॅस्टर्शियम माव्याला आणि कोबीवरच्या अळ्यांना स्वतःकडे ओढतं, एवढं नक्की. म्हणजे ते सापळा पीक म्हणून वापरता येतं, पण मग रोज तिथे जाऊन मावा धुवायला आणि अळ्या वेचायला हव्यात. दुर्लक्ष केलं तर तीच झाडं किडीचं माहेर होतात आणि तिथून कीड कोबीवर जाते. भाजीच्या वाफ्यापासून तीन-चार फुटांवर लावा, लगत नको. मधमाश्या आणि शिंजीर मात्र याच्या फुलांवर येतात, आणि परसातल्या काकडी-दोडक्याला मधमाश्यांचा उपयोग होतोच.

२०. मार्च संपत आला, झाड पिवळं पडतंय. ग्रीन नेट लावून उन्हाळ्यात वाचवता येईल का?

दोन-तीन आठवडे लांबवता येतं, वाचवता येत नाही. मार्चच्या सुरुवातीला ५० टक्क्यांची ग्रीन नेट लावा, कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्या. एवढं केलं तर मार्चअखेरपर्यंत फुलं मिळतात. एप्रिलमध्ये दुपारी ४० अंश आणि रात्रीही उकाडा असतो, तेव्हा कुलरच्या वाऱ्यातसुद्धा ते तग धरत नाही. बाल्कनीत कुलरसमोर कुंडी ठेवून पाहणारे पुष्कळ आहेत. पानं टिकतात, फूल येत नाही.

मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाडं जमिनीलगत कापते. मुळं मातीत राहू देते, वरचा पाला कंपोस्टमध्ये घालते आणि त्या जागी उन्हाळ्यासाठी चिनी गुलाब लावते. आजारी झाडाला पाणी घालत बसण्यापेक्षा बियांकडे लक्ष द्या.

२१. बी कसं राखायचं? पुढच्या वर्षी तोच रंग येईल का?

फेब्रुवारीच्या मध्यापासून काही फुलं न तोडता सोडून द्या. तोवर मात्र सुकलेली फुलं काढत राहा, नाहीतर झाड बी धरण्यात गुंतून फुलणं कमी करतं. बिया हिरव्याच्या फिकट पिवळसर झाल्या की बोट लावताच सुटतात आणि जमिनीवर पडतात. पानांखाली शोधून वेचा. कापडावर सावलीत दहा-बारा दिवस वाळवा, पूर्ण कडक झाल्या पाहिजेत. मग कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेलं बी भाजून निघतं, आणि पावसाळ्यात दमट हवेने त्याला बुरशी येते.

रंगाची खात्री नाही. मधमाश्या एका रंगाच्या फुलावरून दुसऱ्यावर जातात आणि संकर होतो. एकच रंग हवा असेल तर एकच जात लावा. शेजाऱ्याकडे दुसरी असेल तरी थोडी सरमिसळ होईलच. मिश्र रंगाचं पाकीट दरवर्षी राखत गेलात तर हळूहळू नारिंगी-पिवळा वाढतो असं मला दिसलं आहे, म्हणून गडद लाल फुलांच्या बियांना मी दोरा बांधून वेगळं करते.

दुहेरी, भरगच्च पाकळ्यांच्या काही जाती बी धरतच नाहीत. त्यांचं रोप फांदी लावून करतात. चार इंचांची फांदी, खालची पानं काढून, रेतीत किंवा पाण्यात ठेवली की दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात.

२२. वाफ्यात पडलेल्या बिया पावसाळ्यात आपोआप उगवल्या. ठेवू का?

पहिल्या पावसानंतर एखाद-दुसरं उगवतं आणि जुलै-ऑगस्टच्या सततच्या ओलीत बहुतेक कुजतं. गच्चीवर पत्र्याखाली, पाऊस न लागणाऱ्या कुंडीत उगवलेलं असेल तर ठेवून पाहा, ऑक्टोबरच्या उकाड्यातून निभावलं तर ते डिसेंबरच्या आधी फुलेल. उघड्या वाफ्यातल्यांवर मेहनत घेऊ नका. काही बिया मातीत तशाच राहतात आणि नोव्हेंबरमध्ये स्वतःहून वर येतात, त्यांना मात्र जागा द्या. त्यांनी आपली वेळ बरोबर निवडलेली असते आणि पेरलेल्यांपेक्षा ती दणकट निघतात.

२३. संध्याकाळी ही फुलं चमकतात असं वाचलं. खरं आहे का?

दिसतं तसं. १७६२ साली स्वीडनमध्ये एलिझाबेथ क्रिस्टिना लिनियस या मुलीने तिन्हीसांजेला नॅस्टर्शियमच्या फुलांतून क्षणिक चमक उठताना पाहिली आणि त्यावर लेख लिहिला. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस हे तिचे वडील. तेव्हा बरेच जण याला वीज समजले. फुलातून प्रकाश निघत नाही. अंधारू लागताना आपल्या डोळ्याची रंग पाहण्याची पद्धत बदलते आणि हिरव्या पानांवरचं भडक नारिंगी फूल नजरेच्या कडेला लकाकल्यासारखं भासतं. जानेवारीत नागपूरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरच्या वीस मिनिटांत, अंगणातला दिवा न लावता, फुलांकडे थेट न पाहता थोडं बाजूला पाहा. नारिंगी आणि शेंदरी फुलांत हे चांगलं दिसतं, फिकट पिवळ्यांत नाही.